रास्त दर कुणासाठी?

विद्यापीठांचा इतिहास आपण कुलगुरूंच्या नावांवरून सांगतो. भांडार विभागातल्या कागदांकडे सहसा कुणी वळत नाही. मी वळलो ते एका शब्दासाठी : ‘रास्त’.

वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९६च्या कायद्यातून उभे राहिले. ते केंद्रीय विद्यापीठ. त्यामुळे तिथली खुर्ची असो की संगणक, खरेदीची चौकट केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांची. या नियमांच्या २०१७च्या आवृत्तीत पंचवीस हजार रुपयांपर्यंतची वस्तू दरपत्रके न मागवता घेण्याची मुभा होती. मात्र माल हवा तसा आहे, विक्रेता भरवशाचा आहे आणि दर रास्त आहे, असे अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचे. त्यापुढे अडीच लाखांपर्यंत तिघांची समिती बाजार पाहून तसाच दाखला देणार. मोठ्या रकमेला निविदा. आणि तिथे सर्वांत कमी दराचा पात्र पुरवठादार, कार्यालयीन बोलीतला ‘एल-वन’.

ही शिस्त जुनी आहे. पूर्वी सरकारी सामानाची मोठी खरेदी लंडनमधून होई. १९२२मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट आले, तरी प्रश्न दर आणि दर्जाचाच राहिला.

त्याच काळात वर्ध्यात मात्र हिशेब उलट्या टोकाकडून मांडला जात होता. डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत बसून त्याचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे शिकलेले हिशेबनीस. लंडनला लेखापरीक्षणाचे शिक्षण घेतलेला माणूस! वस्तू घेणारा तिच्यामागच्या श्रमाच्या परिस्थितीलाही जबाबदार असतो, असे ते मांडत. १९३५मध्ये गांधीजींनी चरखा संघापुढे आग्रह धरला, की कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळावेत. संघाला तेवढे झेपले नाही. तरी किमान निर्वाहाची मजुरी त्याने तत्त्व म्हणून स्वीकारली, मजुरी वाढवली, आणि खादी महागली. विक्री घटेल ही भीती कार्यकर्त्यांना होतीच, आणि ती खोटी नव्हती. खादी आधी गरिबांनाच परवडेना, ही अडचण आजही कुणी नीट सोडवलेली नाही.

म्हणून वित्तीय नियमांतला १५३वा नियम वाचताना मी थबकलो. हातकताई-हातविणीचे कापड, म्हणजे खादी, केंद्र सरकारने खादी आणि ग्रामोद्योग आयोगाकडून खरेदीसाठी राखून ठेवले आहे. टेंडरच्या एवढ्या जंगलात हे एक कलम! पडदे, चादरी, टेबलावरचे कापड यांपुरते का होईना, सूत कातणाऱ्या हातांचा विचार तिथे शिरलेला दिसतो. बाकी सगळीकडे दर रास्त आहे एवढे लिहून सही करायची असते. कातणारीला किती मिळाले, हे लिहायला त्या दाखल्यात ओळ नाही.