प्लास्टरची मूर्ती आणि गणकयंत्राची त्वचा

मानवाकृती हुबेहूब घडविण्याची आकांक्षा पुरातन आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास 'मंदिरपथगामिनी' ही प्लास्टरची मूर्ती घडविली. लुगड्याच्या चुण्यांतून देहाचा डौल प्रकट झाला. रंगाचा स्पर्श नसूनही ती निर्जीव भासली नाही.

पुढे गणकयंत्राने चित्रे रेखाटण्याचा काळ आला, तेव्हाही प्रारंभीच्या एका प्रयोगात प्लास्टरच उपयोगी पडले. १९७२ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात एडविन कॅटमल यांनी आपल्या डाव्या हाताची प्लास्टरची प्रतिकृती केली, तिच्यावर बहुकोन आखले व त्यांची मापे यंत्रास पुरविली. पडद्यावर हात हलू लागला. परंतु यांत्रिक त्वचा दीर्घकाळ रंग दिलेल्या पृष्ठभागासारखीच दिसे. खऱ्या त्वचेत प्रकाश आत शिरतो, विखुरतो आणि दुसऱ्याच बिंदूतून बाहेर पडतो. या क्रियेचे व्यवहार्य गणित हेन्रिक जेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडले.

तथापि जपानचे मासाहिरो मोरी यांनी यंत्रमानवाविषयी १९७० सालीच बजावले होते की, साम्य जवळजवळ पूर्ण झाले म्हणजे उरलेली उणीव मनास अस्वस्थ करते. मूर्ती आपले प्लास्टर लपवीत नाही. म्हणून तिच्यात प्राण घालण्याचे काम प्रेक्षक आनंदाने करतो. सर्वस्वी खरेपणाचा दावा करणाऱ्या यांत्रिक मुखास मात्र प्रत्येक पापणीचा हिशेब द्यावा लागतो.