दोन अधोल्या

आमच्या कामशेतकडच्या जुन्या घरात माळ्यावर दोन अधोल्या पडलेल्या असत. अधोली म्हणजे अर्धी पायली, दोन शेर. हल्लीच्या पोरांना किलोच्या पलीकडचं काही ठाऊक नाही, म्हणून सांगितलं. दोन्ही लाकडी, कडेला पितळेची पट्टी, दिसायला सख्ख्या बहिणी. एकीनं भात द्यायचं, दुसरीनं घ्यायचं.

मावळात आषाढ म्हणजे रिकाम्या कणगीचा महिना. बाहेर पाऊस झोडपतोय, खाचरात लावणी चाललीय, चुलीवर कुर्डूची भाजी आणि नाचणीही संपत आलेली. अशा वेळी माणसं पोत्याची खोळ घेऊन पणजोबांच्या ओटीवर येऊन बसत. पणजोबा भात देत आणि सुगीला दिढीनं परत घेत. एक पायली नेली की दीड आणून टाकायची. हे उघड होतं, सगळ्यांना मान्य होतं. घेताना शीग लावून आणि देताना वरून हात फिरवून, हेही सगळे बघत होते. दिसत नव्हतं ते बुडात होतं. देण्याच्या अधोलीत आतून बोटभर लाख ओतलेली होती.

आजीला ते कसं कळलं याच्या आमच्याकडे दोन कथा आहेत. आजी सांगायची की नवी नवरी असताना तिनं अधोली घासायला घेतली, एक हात आत, एक बाहेर, आणि बूड नको तितकं जाड लागलं. आत्या म्हणते, लाख कसली, मेण होतं, आणि हातही आजीचा नव्हे, तिच्या सासूचा. मी आजीच्या बाजूचा. तिनं म्हणे जेवणाच्या वेळी, पडवीत दोन गडी भाकरी खात असताना, अगदी साध्या आवाजात विचारलं, "मामंजी, ह्या अधोलीचं बूड येवढं जाड कसं वो?"

पणजोबांनी ताटातच हात धुतला. दिवाळीपर्यंत ते सुनेशी बोलले नाहीत. पण ती अधोली माळ्यावर गेली ती पुन्हा खाली आली नाही.

लहानपणी मला या गोष्टीत एकच खटकायचं. पणजोबा वारकरी होते, गळ्यात माळ. सप्ताहात पंगतीला स्वतः वाढायचे, गावात कुणी गेलं तर तिरडी बांधायला पहिले हजर. गोष्टीतला वाईट माणूस असा कसा? आजी म्हणायची, "आरं, वाढायचा हातबी त्योच आन् मापायचाबी त्योच."

घाटाच्या गोष्टीतही ती अशीच मधे तोंड घालायची. आमच्या आळीतले एक म्हातारबाबा बोरघाटाच्या रेल्वेचं सांगायचे. त्यांच्या आज्यानं तिथं पाट्या वाहिलेल्या. पूल उभा राहीना म्हणून माणसं पुरली, घाटानं माणसं खाल्ली, असं ते डोळे मोठे करून सांगत आणि आम्ही गोधडी तोंडावर ओढत असू. आजी सुपातलं पाखडता पाखडता म्हणे, "घाट कशाला खाईल? मुकादमानं खाल्ली."

पुढं मी वाचलं तेव्हा आजीच खरी निघाली. काम १८५६ ला सुरू झालं. ठेकेदार फॅव्हिएल, त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्यांच्या हाताखाली मुकादम. मजुरी वरून निघायची आणि खाली येईपर्यंत झिरपून जायची. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगाच झाला. मग ठेका सॉलोमन ट्रेडवेलकडे गेला. तो आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिनं माणसं नेमून काम तडीला नेलं. १८६१ मध्ये घाटात बेचाळीस हजारांवर मजूर होते. पटकीनं, सुरुंगानं माणसं किती गेली त्याला गणती नाही. १८६३ ला गाडी धावली. लोणावळ्याला चिक्की घेताना खाली बघून कुणी त्या मजुरांची आठवण काढत नाही. मीही नाही काढत.

आजीचं माहेर मुळशीकडचं, टाटांच्या धरणात गेलेलं. १९२१ च्या रामनवमीला तिथं सत्याग्रह सुरू झाला, पुढं सेनापती बापट नाव झालं ते त्यातूनच. आजी तेव्हा परकरी पोर. तिला कुणाची भाषणं आठवत नसत. आठवायचा तो पुण्याचा सावकार. बऱ्याच जमिनी अशा सावकारांच्या नावावर होत्या, कसणारे मावळे बांधावर लढत राहिले आणि सावकारांनी मोबदला घेऊन अंग काढलं. "आमच्याकडं यायचा तवा खरवस मागून खायचा," एवढंच ती म्हणे.

आता तिचंही सांगतो, नाहीतर मीच लाखेची अधोली वापरल्यासारखं होईल. आमच्या पडवीच्या कोनाड्यात दांडी तुटलेला एक कप असे. खालच्या आळीतली एक बाई सारवायला, भात कांडायला यायची, तिचा तो. चहा वरून ओतायचा, कप तिनं धुऊन पालथा ठेवायचा. लाखेचं बूड जिनं हातानं ओळखलं, त्याच आजीनं हा कप तिथं ठेवला होता. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा खालची आळी रिकामी झाली होती. ती बाईही गेली. दुसऱ्या दिवशी कामाला आली, काम केलं, आणि कोनाड्याकडे न बघता म्हणाली, "नको वैनी, मी पिऊन आले." आजीच्या हातात चहाचं भांडं तसंच. त्यानंतर त्या बाईनं आमच्याकडे कधी चहा घेतला नाही. कप मात्र होता. मी त्यानंतर जन्मलो आणि मी तो पाहिलाय. कधी गेला, कुणी फेकला, आठवत नाही. अस्पृश्यतेचा कायदा १९५५ ला झाला, हे मी शाळेत पाठ केलं ते बहुधा त्याच पडवीत बसून.

द्रुतगती महामार्ग झाला आणि मावळातल्या खाचरांना गुंठ्याचा भाव आला. इंद्रायणी तांदळापेक्षा एजंट जास्त पिकायला लागले. आणि घराघरातल्या बहिणी एकाएकी आठवल्या. साडी, पेढे, गाडी पाठवून माहेरी आणायचं आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. १९५६ पासून बापाच्या मागं लेकीला वाटा आहे, २००५ ला वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाच्या बरोबरीनं धरलं. पण सही नाही केली तर माहेर तुटतं, हा कायदा त्याहून जुना.

मीही आत्याला वडगावला घेऊन गेलो होतो. १७७९ ला इंग्रज जिथं मराठ्यांना शरण आले तेच हे वडगाव. आधी मिसळ खाऊ घातली. साडी मांडीवर ठेवली. कागद पुढं केला तर आत्यानं चष्मा शोधला, सापडला नाही असं दाखवलं, आणि विचारलं, "बाळा, ती अधोली कुटं हाय रं आता?"

मी कागद घडी करून खिशात घातला. कामशेतपर्यंत दोघंही बोललो नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. साडी तिनं ठेवून घेतली.