मुंबईची जीप, रायगडची जीप : टायमिंग आणि धुराचा हिशोब

आपल्या किनारपट्टीवर जुनी फोर बाय फोर डिझेल जीप अजून बरीच कामं करते. शेणखत टाकायचं, पेंढा आणायचा, पावसात चिखलातून वाट काढायची. पण एकाच सालच्या दोन जीप, एक एमएच-०१ आणि दुसरी आपली एमएच-०६, यांना धुराचा नियम वेगळा असू शकतो.

कारण नियम आधी शहरात आले. बीएस-२ मुंबईत २००१ मध्ये, देशभर २००५ मध्ये. एप्रिल २०१० ला बीएस-४ फक्त तेरा शहरांत लागू झाला. त्यात आपल्या राज्यातली मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकीच्यांना तेव्हा बीएस-३. देशभर बीएस-४ झाला १ एप्रिल २०१७ पासून.

आता टायमिंग. पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी पंप डिझेल सोडतो. फार लवकर सोडलं तर इंजिन ठकठकतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वायू वाढतो. उशिरा सोडलं तर ताकद कमी, डिझेल जास्त, धूर जास्त, इंजिन तापतं. नियम कडक होत गेले तसं कंपन्यांनी टायमिंग मागे घेतलं, वर ईजीआर व्हॉल्व्ह बसवला. म्हणून जुन्या प्युजो इंजिनाचं सेटिंग थेट इंजेक्शनच्या एमडीआय इंजिनाला चालत नाही. दोन्हींचं माप वेगळं.

माझ्या जीपला एका फिटरने नुसत्या कानाने पंप पुढे सरकवला. चढाला जोर आला, पण आवाज कर्कश. शेवटी पंपवाल्याकडे नेऊन खुणेवर आणलं तेव्हा बरं वाटलं. ईजीआर बंद करून देणारेही भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

पीयूसीत डिझेल गाडीचा रेस वाढवून धूर मोजतात. बीएस-४ आधीच्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज, बीएस-४ ला ५०. जुन्या गाडीचं सर्टिफिकेट सहा महिन्यांचं, बीएस-४ चं वर्षाचं. धूर जास्त आला तर आधी एअर फिल्टर आणि नोझल बघा, टायमिंगला हात नंतर.

मुंबईची जुनी गाडी घ्यायची असेल तर आरसी बुकात कोणता नॉर्म लिहिलाय ते आधी वाचा, मग भाव बोला.