दिनविशेष : १ ऑगस्ट – भूगर्भातील सूर्यप्रकाश

लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीस, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ रोजी, पुणे मेट्रोचा जो टप्पा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते खुला झाला, त्यातील शिवाजीनगर व दिवाणी न्यायालय या दोन भूमिगत स्थानकांनी पुणे शहराच्या स्थापत्येतिहासात एक नवे दालन उघडले. शिवाजीनगरच्या स्थानकास शिवकालीन किल्ल्याचे रूप देण्यात आले आहे. परंतु दिवाणी न्यायालयाचे स्थानक आम्हांस अधिक विलक्षण वाटते. येथे दोन मार्गिका एकमेकींस छेदतात, एक जमिनीच्या वर उन्नत आणि दुसरी खाली भुयारात, आणि ३३.१ मीटर खोल असलेल्या, देशातील सर्वांत खोल स्थानकांत गणना होणाऱ्या या वास्तूचे छत अशा कौशल्याने रचले आहे की सूर्यकिरण थेट फलाटापर्यंत पोहोचावेत. येथून पुढचे भुयार मुठेच्या पात्राखालून जाते; त्यातून स्वारगेटपर्यंतची मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली. बीड तालुक्यातील आमच्या लिंबागणेशहून शिक्षणासाठी वा कोर्टकचेरीसाठी पुण्यास जाणाऱ्याने दिवाणी न्यायालय स्थानकाच्या फलाटावर क्षणभर थांबून वर अवश्य पाहावे.