ऊती म्हणजे काय? शेतातली आणि गोठ्यातली उदाहरणं

पेण/रोहा : मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'ऊती' हा शब्द येतो. परीक्षा झाली की आपण विसरून जातो. पण आंब्याचं झाड उभ्या उभ्या का सुकलं, बैल चारा का खाईना, याचं उत्तर बऱ्याच वेळा ऊतीतच असतं.

सारखी रचना आणि एकच काम असलेल्या पेशींचा समूह म्हणजे ऊती.

वनस्पतींच्या ऊती

विभाजी ऊती : यांचं काम वाढ करणं. शेंड्याला, मुळाच्या टोकाला आणि आंब्यासारख्या झाडात सालीखालच्या पातळ ओलसर थरात त्या असतात. खुंट आणि काडी यांचे हे थर एकमेकांना भिडले तरच कलम धरतं. नारळ-सुपारीत असा थर नसतो, म्हणून त्यांचं कलम होत नाही.

जलवाहिनी व रसवाहिनी : जलवाहिनी मुळाकडचं पाणी वर नेते. रसवाहिनी पानात तयार झालेलं अन्न मुळापर्यंत पोचवते आणि ती सालीलाच लागून असते. मी एका आंब्याला कुंपणाची तार गुंडाळली होती. ती सालीत रुतली, मुळं उपाशी राहिली आणि झाड गेलं. चूक माझीच. भिरूडही खोड आतून पोखरतो. बुंध्याशी भुसा दिसला तर थांबू नका.

मूल ऊती : अन्न साठवतात. भातात यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून साचलेल्या पाण्यातही मुळांना हवा मिळते. पण पेणच्या खारपट्ट्यात बांधाला खांड जाऊन खारं पाणी शिरलं, तर मुळांना पाणी ओढता येत नाही. भात पाण्यात उभा राहून करपतो.

दृढ ऊती : बळकटी देतात. नारळाची करवंटी आणि सोडणातला काथ्या ही याची उदाहरणं.

प्राण्यांच्या ऊती

अभिस्तर ऊती : कातडी, तोंड, आतडं यांचं अस्तर. लाळ्या-खुरकुतात जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात ते इथेच. म्हणून जनावर खात नाही, लंगडतं.

संयोजी ऊती : हाडं, कूर्चा, चरबी आणि रक्तसुद्धा. जोडणं, आधार देणं, वाहून नेणं हे यांचं काम.

स्नायू ऊती : हालचाल करतात. हृदयाचा स्नायू वेगळा, तो न थांबता चालतो. लाळ्या-खुरकुतात वासराच्या याच स्नायूला इजा होऊन वासरू अचानक दगावू शकतं.

चेता ऊती : मेंदू, मज्जारज्जू, नसा. निरोप पोचवतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातला विषाणू नसांमधूनच मेंदूकडे सरकतो.

लक्षात ठेवा

झाडाला तार, दोरी करकचून बांधू नका. लाळ्या-खुरकुताची लस 2019 पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात मोफत दिली जाते, दर सहा महिन्यांनी टोचून घ्या. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. विषाणू मेंदूत पोचला की उपाय राहत नाही.