नासासंधान

नाकाचा नष्ट झालेला किंवा विकृत भाग शस्त्रक्रियेने पुन्हा घडविणे, तसेच धडधाकट नाकाचा आकार बदलणे, या क्रियेस नासासंधान म्हणतात. ‘संधान’ ही संज्ञा सुश्रुतसंहितेतील असून तेथे ती तुटलेल्या अवयवाच्या जोडणीपुरती आहे. आज तिची कक्षा बरीच विस्तारली आहे. नाकाच्या दांड्यावरील (नासासेतूवरील) उंचवटा काढणे, बसका दांडा उचलणे, वाकडा दांडा सरळ करणे हीच या शस्त्रक्रियेची नित्याची कारणे होऊन बसली आहेत. तथापि तिचा इतिहास शिक्षा म्हणून कापलेल्या नाकांपासून सुरू होतो. ‘नाक कापणे’ हा मराठीत आज केवळ वाक्प्रचार उरला असला, तरी एके काळी तो शब्दशः खरा होता.

नाकाचे तीन थर असतात : बाहेरची त्वचा, आतील श्लेष्मकलेचे अस्तर आणि या दोहोंमधील सांगाडा. दांड्याचा वरचा सुमारे एक-तृतीयांश भाग दोन लहान नासास्थींचा, तर उरलेला उपास्थींचा (कूर्चांचा) असतो. या उपास्थींना आतून मध्यपटलाचा आधार मिळतो. मध्यपटल ढासळले की दांडा बसतो आणि खोगिरासारखा खोलगट होतो. नासासंधानाचा इतिहास हा एका अर्थी या तीन थरांचे महत्त्व वैद्यांच्या क्रमाक्रमाने ध्यानात येण्याचा इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कानाच्या पाळीच्या संधानानंतर नाकाचे संधान सांगितले आहे. तुटलेल्या भागाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, तेवढा मांसल त्वचाखंड गालापासून सोडवावा, त्याचे एक टोक मूळ जागी जोडलेले ठेवावे, नाकाचा कापलेला भाग खरवडून ताजा करावा व त्यावर तो खंड जोडावा. श्वासासाठी दोन नळ्या बसवाव्यात, ज्येष्ठमध, रक्तचंदन, रसांजन इत्यादींचे चूर्ण भुरभुरावे आणि कापसाने झाकून तिळाचे तेल शिंपडत राहावे, असा तो विधी आहे. त्वचाखंडाचा देठ न तोडता त्यातील रक्तप्रवाह राखणे हे त्यातील मर्म होय. मात्र कपाळावरील त्वचा वापरण्याची जी रीत पुढे ‘भारतीय पद्धती’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली, ती या अध्यायात नाही. ती सुश्रुताच्या नावावर सर्रास घातली जाते. ते योग्य नव्हे. गालाकडून कपाळाकडे हा बदल केव्हा व कोणी केला, त्याची नोंद ग्रंथांत नाही. तो शस्त्रक्रिया प्रत्यक्ष करणाऱ्या घराण्यांच्या हातून झाला असावा.

यूरोपात पंधराव्या शतकात सिसिलीतील ब्रांका घराणे ही शस्त्रक्रिया करीत असे. बोलोन्या येथील गास्पारे ताल्याकोत्सी (१५४५–९९) यांनी दंडाच्या त्वचेपासून नाक घडविण्याच्या रीतीवर १५९७ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या रीतीत रोग्याचा हात कित्येक दिवस डोक्याशी जखडून ठेवावा लागे. ताल्याकोत्सींनंतर ही विद्या यूरोपात जवळजवळ लोप पावली.

तिचे पुनरुज्जीवन पुण्यातील एका घटनेमुळे झाले. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–९२) इंग्रजी सैन्यात बैल हाकण्याचे काम करणारा कावसजी नावाचा इसम टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा निवृत्तिवेतनधारक झाला. समकालीन वृत्तांतात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. नाव मात्र पारशी वळणाचे वाटते, आणि हा पेच सुटलेला नाही. वर्षभराहून अधिक काळ नाकावाचून काढल्यावर पुण्याजवळ एका वीटकाराने त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्याचे टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. तिचा वृत्तांत लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सोबत जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलेल्या कावसजीच्या चित्रावरून केलेली आकृतीही होती. सवाई माधवरावांच्या दरबाराचे चित्रण करणारा तो हाच वेल्स.

वृत्तांतातील तपशील नेमका आहे. प्रथम मेणाची पातळ चकती नाकाच्या खुंटावर बसवून तिला नाकाचा आकार देत. मग ती सपाट करून कपाळावर ठेवीत व तिच्या कडेने रेघ ओढीत. तेवढी त्वचा सोडविताना दोन डोळ्यांच्या मधली अरुंद पट्टी न कापता ठेवीत. जोड धरेपर्यंत रक्त तीमधून पोहोचे. खुंटाचा वण तासून त्यालगत नाकपुड्यांभोवती व वरच्या ओठावर चीर घेत. कपाळावरील त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणीत आणि तिची कड या चिरेत बसवीत. टाके नसत. पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या चिंध्यांवर पसरून अशा पाच-सहा चिंध्या एकावर एक ठेवीत व त्यांनी सांधा धरून ठेवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड लावीत. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे निजवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली पट्टी कापीत. काथ व तूप ही घरातली द्रव्ये आणि मातीला आकार देणारा हात, एवढ्यावर हे काम होई. रोग्याचे, साक्षीदार डॉक्टरांचे आणि चित्रकाराचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव कोणीही लिहून ठेवले नाही.

ही पद्धती इतकी यशस्वी का होई, याचे उत्तर नाकाच्या रचनेत आहे. शिक्षेत बहुधा शेंडा व नाकपुड्या जात. नासास्थींचा दांडा शाबूत राही. त्यामुळे कपाळाच्या त्वचेला टेकायला आधार मिळे. जेथे दांडाच नाहीसा झालेला असे, तेथे नुसती त्वचा काही काळाने आक्रसून खाली बसे.

लंडनमधील जोसेफ कार्प्यू यांनी या वृत्तांताच्या आधारे २३ ऑक्टोबर १८१४ रोजी चेल्सी येथे एका सैनिकी अधिकाऱ्यावर शस्त्रक्रिया केली. तेव्हा शुद्धिहरण नव्हते. दोन यशस्वी शस्त्रक्रियांची हकीकत त्यांनी १८१६ मध्ये प्रसिद्ध केली. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फोन ग्रेफे यांच्या ग्रंथामुळे या शाखेला यूरोपीय भाषांत रूढ असलेले ‘ऱ्हायनोप्लास्टी’ हे नाव मिळाले. भारतातही जुन्या पद्धतीत सुधारणा होत राहिल्या. जुनागढ येथील डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी १८८९ मध्ये शंभर रोग्यांची हकीकत छापली. इंदूरच्या कीगन यांनी नव्या नाकाला आतून त्वचेचे अस्तर देण्यावर भर दिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टरांपुढे येणारा नाकाचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा होता. उपदंशात (गरमीत) नाकाचा सांगाडा आतून झडतो आणि वरची त्वचा शाबूत राहूनही दांडा बसतो. बसका दांडा म्हणजे दुराचाराचा शिक्का, अशी समजूत असल्याने अपघाताने किंवा जन्मतः बसके नाक लाभलेल्यांनाही तो कलंक सोसावा लागे. दांडा उचलण्यासाठी हाड, हस्तिदंत, बरगडीची उपास्थी असे नाना पदार्थ घालून पाहण्यात आले. त्यांतील सर्वांत सोपा उपाय सर्वांत घातक ठरला. व्हिएन्नाच्या रोबेर्ट गेर्सुनी यांनी १९०० च्या सुमारास व्हॅसलीन व पॅराफिन टोचून पोकळी भरण्याची रीत प्रचारात आणली. शस्त्र न लावता काही मिनिटांत दांडा उंच होई. पण पुढे ते मेण जागेवरून सरके, त्याभोवती कठीण गाठी होत आणि क्वचित ते रक्तवाहिनीत शिरून दृष्टी जाई. सौंदर्यासाठी विख्यात असलेल्या ग्लॅडिस डीकन यांनी ग्रीक शिल्पासारखा सरळ दांडा मिळावा म्हणून तरुणपणी असे मेण भरून घेतले. ते खाली उतरून त्यांचा चेहरा कायमचा विद्रूप झाला.

धडधाकट नाकाचा आकार बदलणे शुद्धिहरण (१८४६), पूतिरोधन (१८६७) आणि कोकेनची स्थानिक संवेदनाहारकता (१८८४) यांनंतरच शक्य झाले. अमेरिकेत रॉचेस्टर येथील जॉन ऑर्लँडो रो यांनी १८८७ मध्ये नाकाच्या आतून चीर घेऊन फेंदारलेला शेंडा सुधारला व १८९१ मध्ये दांड्यावरील उंचवटा काढण्याची हकीकत दिली. तथापि या शाखेचा पाया घातला तो बर्लिनच्या जाक योझेफ (१८६५–१९३४) यांनी. १८९६ मध्ये एका मुलाचे पुढे आलेले कान शस्त्रक्रियेने बसविल्याबद्दल त्यांना रुग्णालयातील नोकरी गमवावी लागली होती. रोग नसताना शस्त्र चालविणे त्या काळी वैद्यकाच्या मर्यादेबाहेरचे मानले जाई. १८९८ मध्ये त्यांच्याकडे एक तरुण आला. त्याचे नाक निरोगी होते, पण मोठे व बाकदार असल्याने लोकांच्या नजरांना कंटाळून तो समाजात मिसळेनासा झाला होता. योझेफ यांनी ते लहान केले आणि बर्लिनच्या वैद्यक मंडळापुढे असे प्रतिपादन केले की, या रोग्याचे दुःख खरे होते व ते दूर झाले. म्हणून शस्त्रक्रिया समर्थनीय ठरते. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ म्हणणाऱ्या समाजाला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र योझेफ स्वतः ज्यू होते आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांत ज्यू पुष्कळ असत; बाकदार दांडा हे त्या समाजाचे लक्षण मानून त्याची टवाळी होत असे. दुखणे नाकात होते की पाहणाऱ्याच्या नजरेत, हा प्रश्न तेव्हापासून या शस्त्रक्रियेला चिकटलेला आहे.

पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीज यांनी सिडकप येथे जखमी सैनिकांचे चेहरे घडविताना त्वचा, सांगाडा व अस्तर या तिन्ही थरांची भरपाई करण्याचे तत्त्व पक्के केले. कुष्ठरोगात अस्तर आक्रसून दांडा आत ओढला जातो. अशा नाकाला आतून त्वचेचे नवे अस्तर देण्याची गिलीज यांची रीत डॉ. नोशीर अंतिया यांनी महाराष्ट्रातील कुष्ठरोग्यांसाठी वापरली. व्याधी बरी होऊनही केवळ नाकामुळे ओळखू येणाऱ्या माणसाला गावात परतता यावे, हा तिचा हेतू होता.

दांड्याच्या आजच्या शस्त्रक्रियेत उंचवट्याचे हाड व उपास्थी कापून किंवा घासून कमी करतात. त्यामुळे वर उघडी पडलेली फट बुजविण्यासाठी दोन्ही बाजूंची हाडे मुद्दाम कापून आत सरकवितात. उपास्थी प्रमाणाबाहेर काढली, तर दांडा मधोमध चिमटतो आणि श्वास कोंडतो. विसाव्या शतकाच्या मध्यास अशी चिमटलेली नाके बरीच निर्माण झाली. त्यावर जॅक शीन यांनी १९८४ मध्ये मध्यपटलालगत उपास्थीच्या पट्ट्या बसविण्याची रीत दिली. दांड्याचा वरचा पृष्ठभाग न कापता त्याखालील भाग काढून संपूर्ण दांडाच खाली बसविण्याची कल्पना लोथ्रॉप यांनी १९१४ मध्ये मांडली होती. ती २०१८ च्या सुमारास नव्याने प्रचारात आली. दांडा उंच करायचा असल्यास मध्यपटल, कान वा बरगडी येथील स्वतःची उपास्थी वापरतात. पूर्व आशियात सिलिकोनचा तुकडा घालण्याचा प्रघात आहे. तो जंतुसंसर्गाने किंवा त्वचा झिजून बाहेर येऊ शकतो.

चेहऱ्याची वाढ पूर्ण होण्यापूर्वी, म्हणजे मुलींत सु. १५-१६ व मुलांत सु. १७-१८ वर्षांच्या आत, अपघात किंवा श्वसनाचा अडथळा नसल्यास ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. सूज पूर्ण उतरून अंतिम आकार दिसण्यास वर्षभर लागते. शेकडा सु. ५ ते १५ रोग्यांना दुसरी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते व ती पहिलीपेक्षा अवघड असते. जाड त्वचेखाली केलेले बारीक बदल दिसत नाहीत, तर पातळ त्वचेखाली हाडाची लहानशी कंगोरीही उठून दिसते. नसलेले किंवा नगण्य व्यंग सतत छळत असल्याची मनोविकृती असणाऱ्यांचे समाधान शस्त्रक्रियेने सहसा होत नाही. म्हणून आधी मानसोपचारज्ञाचा सल्ला आवश्यक ठरतो.

अलीकडे शस्त्राऐवजी हायलुरॉनिक अम्लाचे जेल टोचून दांडा तात्पुरता सरळ करतात. ते काही महिन्यांत विरते व विशिष्ट एंझाइमाने विरघळविताही येते. परंतु दांड्यावरील रोहिण्यांचा डोळ्याच्या रोहिणीशी संबंध असल्याने ते रक्तवाहिनीत शिरल्यास त्वचा मरते किंवा अंधत्व येते, आणि अशी गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही.