अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासामने : प्रक्षेपण हक्कांचा पैसा आणि पिढीजात प्रेक्षक

अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांमध्ये खेळले जाणारे सामने हा केवळ विद्यार्थ्यांच्या विरंगुळ्याचा विषय नाही. तो अब्जावधी डॉलरच्या उलाढालीचा व्यवसाय आहे आणि त्याच वेळी लक्षावधी कुटुंबांच्या जिव्हाळ्याची परंपराही आहे. गेल्या चार दशकांत दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण हक्कांच्या किमती वाढत गेल्या. त्यासोबत विद्यापीठांनी आपले जुने प्रादेशिक गट सोडून नव्या गटांत प्रवेश केला. २०२३ व २०२४ या दोन वर्षांत या स्थलांतराने टोक गाठले. शंभर वर्षांहून जुना एक गट जवळजवळ नामशेष झाला आणि अनेक परंपरागत लढती खंडित झाल्या. या घडामोडींची पार्श्वभूमी आणि सामान्य प्रेक्षकांवर झालेला त्यांचा परिणाम यांचा हा आढावा.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

भारतात आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या वतीने भरवल्या जातात. या सामन्यांना प्रेक्षक मोजके असतात आणि प्रक्षेपणाचा पैसा जवळपास नसतो. अमेरिकेतील चित्र याच्या नेमके उलट आहे. तेथील अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा वेगळा असून त्यात चेंडू मुख्यतः हातात घेऊन धावतात किंवा फेकतात. विद्यापीठांच्या या सामन्यांना प्रचंड गर्दी लोटते. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची अधिकृत आसनक्षमता १,०७,६०१ आहे. एक लाखाहून अधिक प्रेक्षक सामावणारी अशी अनेक स्टेडियम विद्यापीठांच्या मालकीची आहेत.

महाविद्यालयीन खेळांचे नियमन १९०६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना, म्हणजेच एनसीएए, करते. परंतु नियमित हंगामातील सामन्यांची आखणी आणि प्रक्षेपण हक्कांची विक्री विद्यापीठांच्या लहान गटांकडे असते. या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. शेजारच्या राज्यांतील विद्यापीठांनी रेल्वेने अथवा बसने एकमेकांकडे जाऊन खेळावे, हा त्यांचा मूळ हेतू होता. त्यामुळे प्रतिस्पर्धी संघाचे पाठीराखे हे बहुधा शेजारी, सहकारी किंवा नातलगच असत. वर्षानुवर्षे त्याच संघांशी पडणाऱ्या गाठींतून जे गोड वैर निर्माण झाले, तेच या खेळाचे खरे भांडवल होते.

१९८४ चा निकाल

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फुटबॉल सामन्यांच्या प्रक्षेपणावर एनसीएएचे पूर्ण नियंत्रण होते. घरबसल्या सामने दिसू लागल्यास प्रेक्षक मैदानाकडे पाठ फिरवतील, अशी संघटनेला धास्ती होती. त्यामुळे एका विद्यापीठाला दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा दूरचित्रवाणीवर दिसण्याची मुभा होती. ओक्लाहोमा व जॉर्जिया येथील विद्यापीठांनी या निर्बंधाला न्यायालयात आव्हान दिले. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने हे निर्बंध मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे ठरवले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिला. असहमती नोंदवणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः विद्यार्थिदशेत नामांकित फुटबॉलपटू होते. व्यापारी स्पर्धेने विद्यापीठीय खेळाचे शैक्षणिक स्वरूप बदलेल, असे त्यांचे म्हणणे होते.

या निकालाचा तात्काळ लाभ प्रेक्षकांनाच झाला. पूर्वी आठवड्याला मोजकेच सामने दिसत. पुढे शनिवारी दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत सामन्यांची रांग लागू लागली. आज मोठ्या कॉन्फरन्समधील जवळपास प्रत्येक सामना कोणत्या ना कोणत्या माध्यमावर पाहता येतो. परंतु प्रक्षेपणाचे हक्क विकण्याचा अधिकार आता विद्यापीठे व त्यांच्या कॉन्फरन्सकडे आला होता. साहजिकच ज्या गटात नामवंत संघ अधिक, त्या गटाला भाव अधिक, असे समीकरण तयार झाले.

स्थलांतराच्या लाटा

पेन स्टेट विद्यापीठाला बिग टेन या गटाने १९९० मध्ये प्रवेश दिला आणि १९९३ पासून त्याचा फुटबॉल संघ त्या गटात खेळू लागला. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजेच एसईसीने, १९९२ मध्ये दोन नवे सदस्य घेऊन आपला स्वतंत्र अंतिम सामना सुरू केला. टेक्सास राज्याचा प्राण मानली जाणारी, १९१४ मध्ये स्थापन झालेली साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये विसर्जित झाली. तिच्यातील चार विद्यापीठे बिग एट गटातील आठ विद्यापीठांना मिळाली व बिग ट्वेल्व्हचा जन्म झाला. याच फेररचनेत ओक्लाहोमा आणि नेब्रास्का यांची दरवर्षीची लढत बंद पडली. १९७१ मध्ये याच दोन संघांमधील सामना शतकातील सर्वोत्तम सामना म्हणून गाजला होता.

ऑगस्ट २००७ मध्ये बिग टेनने स्वतःची वाहिनी सुरू केली आणि हिशेबच बदलला. ज्या राज्यात सदस्य विद्यापीठ असेल, तेथील केबल ग्राहकांकडून या वाहिनीसाठी अधिक शुल्क मिळे. ग्राहक सामने पाहतो की नाही, हा प्रश्न गौण होता. मेरीलँड आणि रटगर्स या विद्यापीठांना २०१४ मध्ये बिग टेनमध्ये मिळालेला प्रवेश मैदानावरील पराक्रमापेक्षा वॉशिंग्टन व न्यूयॉर्क महानगरांतील घरांच्या संख्येमुळे झाला, असे मानले जाते. पुढे लोक केबल जोडण्या सोडून इंटरनेटवरील सेवांकडे वळू लागले. तेव्हा घरांच्या संख्येपेक्षा देशभर पाहिल्या जाणाऱ्या बलाढ्य संघांच्या लढतींना मोल आले.

याचा परिणाम लवकरच दिसला. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांचा एसईसीत जाण्याचा निर्णय जुलै २०२१ मध्ये झाला. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसमधील यूएससी व यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जात असल्याचे जाहीर केले. त्यानंतर दोनच महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या कंपन्यांशी सात वर्षांचा करार केला. त्याचे मूल्य ७०० कोटी डॉलरहून अधिक असल्याचे सांगण्यात आले.

पॅसिफिक किनाऱ्यावरील पडझड

या स्पर्धेत पॅक-ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स मागे पडली. तिची मुळे १९१५ पर्यंत जातात. तिने २०१२ मध्ये स्वतःच्या मालकीची वाहिनी काढली, परंतु एका मोठ्या उपग्रह सेवेवर ती कधीच उपलब्ध झाली नाही. लॉस एंजेलिसचे संघ जाणार हे ठरल्यानंतर नव्या कराराच्या वाटाघाटी लांबल्या. अखेरीस ॲपल कंपनीचा इंटरनेट प्रक्षेपणाचा प्रस्ताव पुढे आला, पण तो सदस्यांना पुरेसा आश्वासक वाटला नाही. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडोने गट सोडला. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी ऑरेगन व वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व यूटा बिग ट्वेल्व्हकडे गेले. १ सप्टेंबर रोजी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा मार्ग धरला. प्रशांत महासागराच्या काठावरील विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात खेळू लागली. दुसरीकडे, बिग टेनची सदस्यसंख्या आता अठरा आहे.

विशेष म्हणजे, मैदानावर त्या वर्षी हा गट बहरात होता. १ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनने ऑरेगनचा ३४-३१ असा पराभव केला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत मजल मारली. गट मोडला तो खेळाच्या दर्जामुळे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

मागे राहिलेली गावे

पॅक-ट्वेल्व्हमध्ये केवळ दोन सदस्य उरले : ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ पुलमन या लहान गावात आहे. २०२० च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या ३३ हजारांच्या आत आहे आणि विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमताही जवळजवळ तेवढीच आहे. हंगामात घरच्या मैदानावर सहा-सात सामने होतात. त्या दिवशी बाहेरगावाहून येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांवर तेथील हॉटेले, खानावळी व दुकानांची मोठी मदार असते. प्रतिस्पर्धी नामवंत नसेल, तर त्याची झळ केवळ क्रीडा विभागाला नव्हे, संपूर्ण गावाला बसते.

या दोन विद्यापीठांनी न्यायालयात दाद मागितली आणि गटाच्या कारभाराचा हक्क मिळवला. नव्या सदस्यांना सोबत घेऊन २०२६-२७ च्या हंगामापासून गटाची पुनर्बांधणी करण्याचे त्यांनी ठरवले. तथापि, ज्या शेजाऱ्यांशी शतकभराचे वैर होते, ते शेजारी या नव्या गटात नाहीत.

खंडित झालेल्या लढती

प्रेक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोठी हानी परंपरागत लढतींची झाली. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा पहिला सामना १८९४ मध्ये झाला होता. ए अँड एमने एसईसीत जाण्याचे ठरवल्यावर २०११ मध्ये ही लढत थांबली. एक अख्खी विद्यार्थी पिढी तो सामना न पाहताच पदवी घेऊन बाहेर पडली. कॅन्सस आणि मिझुरी यांच्यातील फुटबॉल लढतही त्याच सुमारास बंद पडली आणि ती २०२५ मध्ये पुन्हा खेळली गेली. ओक्लाहोमा व ओक्लाहोमा स्टेट यांच्यातील, १९१० पासून दरवर्षी होणारा सामना ४ नोव्हेंबर २०२३ नंतर थांबला. शेवटच्या लढतीत ओक्लाहोमा स्टेटने २७-२४ असा विजय मिळवला.

काही लढती टिकल्या, पण त्यांचा मुहूर्त बदलला. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांच्यातील ॲपल कप हा सामना नोव्हेंबरच्या अखेरीस, हंगामाचा कळस म्हणून होत असे. २०२४ मध्ये तो १४ सप्टेंबरला, हंगामाच्या आरंभीच उरकण्यात आला. नववर्षदिनी होणाऱ्या रोझ बाऊल सामन्यात १९४७ पासून पश्चिम किनाऱ्याचा विजेता आणि बिग टेनचा विजेता समोरासमोर येण्याची प्रथा होती. १ जानेवारी २०२५ रोजी तेथे ओहायो स्टेट व ऑरेगन यांची गाठ पडली, तेव्हा हे दोन्ही संघ बिग टेनचेच सदस्य होते.

मात्र स्थलांतराने केवळ तोडलेच, असेही नाही. टेक्सास विद्यापीठ एसईसीत दाखल झाल्याने ३० नोव्हेंबर २०२४ रोजी त्याची ए अँड एमशी पुन्हा गाठ पडली. टेक्सासने तो सामना १७-७ असा जिंकला. ज्या व्यवहाराने लढत हिरावून घेतली होती, त्याच व्यवहाराने ती तेरा वर्षांनी परत दिली.

प्रेक्षकाचा खिसा आणि वेळ

सामना कोणत्या वेळी सुरू होणार, हे आता बहुतांश वेळा वाहिन्या ठरवतात. ही वेळ अनेकदा सामन्याच्या बारा दिवस आधी आणि काही वेळा केवळ सहा दिवस आधी जाहीर होते. शेकडो किलोमीटरवरून कुटुंबासह येणाऱ्या प्रेक्षकाला निवासाचे आरक्षण मात्र कितीतरी आधी करावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर सायंकाळी साडेसातला सुरू होणारा सामना पूर्व किनाऱ्यावरील पाठीराख्यांसाठी रात्री साडेदहाला सुरू होतो. न्यू जर्सीतील रटगर्सच्या पाठीराख्याला लॉस एंजेलिस येथील सामना प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर एका दिशेने सुमारे चार हजार किलोमीटरचा विमानप्रवास करावा लागतो. शेजारच्या गावी मोटारीने जाऊन त्याच रात्री परतण्याचे दिवस अशा सामन्यांपुरते तरी संपले आहेत.

घरी बसून पाहणाऱ्यालाही भुर्दंड चुकलेला नाही. एकाच संघाचे सामने वेगवेगळ्या वाहिन्यांवर आणि इंटरनेट सेवांवर विभागले गेल्याने एकाहून अधिक वर्गण्या भराव्या लागतात. २ सप्टेंबर २०२३ रोजी मिशिगनचा हंगामातील पहिला सामना केवळ पीकॉक या सशुल्क सेवेवर उपलब्ध होता. वाहिन्या आणि वितरक यांच्यातील शुल्कवादाचा फटकाही प्रेक्षकालाच बसतो. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी ईएसपीएनसह डिस्नेच्या वाहिन्या यूट्यूब टीव्ही या सेवेवरून दिसेनाशा झाल्या आणि १४ नोव्हेंबरला परतल्या. ऐन हंगामातील दोन शनिवार त्यात वाया गेले.

या स्थलांतराचा भार फुटबॉलखेरीज अन्य खेळांतील विद्यार्थ्यांवरही पडतो. फुटबॉल संघ साधारणतः आठवड्यातून एकदा खेळतो. व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉलच्या खेळाडूंना मात्र आठवड्यात अनेक सामन्यांसाठी देश ओलांडावा लागू शकतो. त्यांच्या सामन्यांना हजर राहणारे प्रेक्षक मुख्यतः त्यांचे पालकच असतात.

पैसा जातो कोठे?

हा पैसा दीर्घकाळ प्रशिक्षकांच्या मानधनावर, सुविधांवर आणि इतर खेळांच्या खर्चावर जात असे. खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही मिळत नसे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व छबीच्या वापरातून उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. खेळाडूंना मिळालेला हा न्याय उशिरा का होईना स्वागतार्ह आहे. परंतु त्यामुळे विद्यापीठांची पैशाची निकड वाढली असून देणगी व तिकिटांच्या रूपाने तिचा बोजा पाठीराख्यांकडे वळत आहे.

पुढील टप्पा

बिग टेनचा सध्याचा करार २०२९-३० च्या हंगामाअखेरीस, तर बिग ट्वेल्व्हचा त्यानंतर एका वर्षाने संपेल. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने २०२५ मधील तडजोडीत गट सोडण्याचे शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे मान्य केले असून २०३०-३१ मध्ये ते ७ कोटी ५० लाख डॉलरवर येईल. त्यामुळे या दशकाच्या अखेरीस फेररचनेची आणखी एक लाट येण्याची शक्यता आहे.

रटगर्स, टेक्सास किंवा स्टॅनफर्ड ही नावे आज अनेक मराठी घरांनाही परकी राहिलेली नाहीत. तेथे शिकणाऱ्या मुलांच्या छायाचित्रांतून, त्यांच्या अंगावरील विद्यापीठाच्या रंगांच्या सदऱ्यांतून ती आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. ते रंग कोणत्या गटाचे, याला पाठीराख्याच्या लेखी महत्त्व नसते. शनिवारी कोणाबरोबर बसून, कोणाविरुद्ध ओरडायचे, हे मात्र त्याला पक्के ठाऊक असते. प्रक्षेपणाच्या करारांत मोजला जातो तो प्रेक्षकांचा आकडा. तो आकडा निर्माण करणारी शेजारधर्माची आणि पिढ्यांची सवय मात्र कोणत्याही करारात लिहिलेली नसते. ती सवय एकदा मोडली, तर पैसा मोजून पुन्हा लावता येईल का, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील विद्यापीठांना येत्या काही वर्षांत शोधावे लागणार आहे.